झोपडीचा आराखडा आषाढात तपासा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला मुळशी-वेल्ह्याच्या ‘पर्यावरणपूरक’ पर्यटन झोपड्यांवरचा लेख वाचला. विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण फोटो सगळे दिवाळीनंतरचे. त्या दिवसांत कुठलेही घर उभे राहते. जुलै २०२४ मध्ये मुळशीतल्याच ताम्हिणी घाटात एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस झाला, पुणे शहरात वर्षभराचा ७००च्या आसपास असतो. या पावसाबद्दल लेखात एक ओळ नाही.

मागच्या श्रावणात बहिणीबरोबर त्याच भागातल्या अशा एका झोपडीत राहिले. दरी दिसावी म्हणून पश्चिमेला भिंतभर काच, म्हणजे नेमकी झड येते त्या बाजूला! पडवी नाही, वळचण वीतभर. रात्रभर चौकटीतून पाणी आत येत होते. कारवीचा कूड, म्हणजे काटक्यांची लिंपलेली भिंत, खालून हातभर भिजला होता, बोट लावले की शेणामातीचा लिंपण सुटून येई. चार दिवस ऊन नव्हते आणि बॅटरी एका दिवसापुरती, त्यामुळे सौर दिवे संध्याकाळीच गेले. मग मालकांनी डिझेलचा जनरेटर लावला. याला पर्यावरणपूरक कसे म्हणायचे?

तिथे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचे घर पलीकडच्याच वाडीत. सकाळी चहाला गेलो तर आत सगळे कोरडे. छप्पर पार खाली उतरवलेले, झडीच्या अंगाला पेंढ्याचे तट्टे, चुलीच्या धुराने काळे पडलेले वासे. "बांधताना आम्हाला कुणी इचारलंच नाही," मावशी म्हणाल्या. माझा संताप अजून गेलेला नाही. गावाचा सहभाग म्हणजे भाकऱ्या थापायला बोलावणे नव्हे. जोते कुठे घालायचे, दार कुठल्या तोंडाचे, हे त्यांच्याकडून आधी समजून घ्यायला हवे, आणि झोपडीच्या उत्पन्नात वाटाही त्यांचा हवा.

संडासाचाही लेखात उल्लेख नाही. दोन खड्ड्यांचा संडास डोंगरावर चालतो, एक भरला की दुसरा वापरायचा, पहिल्याचे खत होते. पण तो झऱ्याच्या वरच्या अंगाला नको. उन्हाळ्यात अख्खी वाडी त्याच झऱ्यावर पाणी भरते.

आणखी एक. त्याच लेखाखाली डोंगरउतार कापून पाडलेल्या प्लॉटची अर्धे पान जाहिरात होती. माळीण आपल्याच जिल्ह्यातले, ३० जुलै २०१४ ला जवळजवळ अख्खे गाव दरडीखाली गेले. अशी जाहिरात तुम्ही घेऊ नये, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे