'परतत राहा' हे वाक्य रेसिपीतून काढा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतल्या बटाट्याच्या रेसिपी मी नेमाने वाचतो आणि करूनही बघतो, पण हॅश असो की तव्यावरचा दुसरा कुठला बटाटा, प्रत्येक रेसिपीत एक वाक्य ठरलेलं असतं, 'सोनेरी होईपर्यंत परतत राहा', आणि माझं स्पष्ट मत आहे की या एका वाक्यामुळे घरोघरी हॅशचा लगदा होतो.

हॅश म्हणजे बारीक फोडी, कांदा आणि उरलेलं मांस किंवा भाजी तव्यावर खरपूस करायची, शब्दच मुळात फ्रेंचमधल्या चिरण्याच्या शब्दावरून आलाय. आता पाणी उकळतं १०० डिग्रीला आणि बटाट्याला तो रंग आणि खमंग वास येतो साधारण १४० च्या पुढे, म्हणजे फोडीवर ओल आहे तोपर्यंत तव्याची उष्णता वाफ करण्यातच जाते. त्यात आपण सारखं उलथणं फिरवतो, कुठलीच बाजू तव्याला नीट टेकत नाही, कडा मोडतात, स्टार्च बाहेर येतं आणि सगळं चिकट होऊन बसतं. मी कितीतरी वर्षं तव्यालाच दोष देत होतो, नॉनस्टिक आणला, तेल वाढवलं, काही उपयोग नाही.

फरक पडला तो आदल्या दिवशीच्या बटाट्याने. सालासकट उकडायचे, गार करून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचे, गार झाल्यावर त्यातलं स्टार्च घट्ट होतं आणि फोडी मोडत नाहीत. मग जाड बुडाचा तवा चांगला तापवून एकाच थरात पसरायच्या, गर्दी केली की त्या भाजण्याऐवजी वाफवल्या जातात, आणि ४-५ मिनिटं हात लावायचा नाही. तवा हलवल्यावर फोडी आपोआप सुटल्या की उलटायच्या. कांदा नंतर घालायचा, नाहीतर बटाटा होईपर्यंत तो करपतो. शेवटी मध्ये खळगे करून अंडी फोडायची आणि झाकण ठेवायचं, मला तर असंच आवडतं.

मात्र कच्चे बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नका, हेही कृपया छापा. थंडीत स्टार्चची साखर होते आणि भाजताना ते भराभर काळे पडतात, शिवाय अ‍ॅक्रिलामाइड (स्टार्चचे पदार्थ जास्त तापवले की तयार होणारं एक रसायन) जास्त तयार होतं, ते तब्येतीला चांगलं नाही. म्हणून रंगही सोनेरीवरच थांबवावा.

कच्च्या किसाचे हॅश ब्राउन करायचे तर किस धुऊन फडक्यात घट्ट पिळायचा, तुमच्या रेसिपीत पिळणं नव्हतंच! स्विस रोश्टीला मात्र किस धुवू नका, तिथे त्या स्टार्चनेच अख्खी चकती एकत्र राहते. आणि स्पॅनिश टॉर्टिलात, म्हणजे बटाट्याच्या जाड ऑम्लेटात, तर बटाटा भरपूर तेलात मंद आचेवर मऊच करायचा असतो, खरपूस नाहीच, त्यामुळे सगळ्यांना एकच सूचना चिकटवणं मला पटत नाही.

पुढच्या वेळी हॅश छापाल तेव्हा त्या वाक्याच्या जागी एवढंच लिहा: 'फोडी तव्यावरून सुटेपर्यंत हलवू नका.'

आपला एक नियमित वाचक