चित्राला ब्रश न लावणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

साठी उलटल्यावर जलरंगाच्या नादी लागलेल्या रंकाळ्याकाठच्या मंडळींचं हे पत्र. समोर बोललो असतो, तर "ते राहू दे, आकाश वाळलं का बघा" म्हणून तुम्ही विषय बदलला असता.

आधीच्या वर्गात चुकलं की ब्रश हातातून काढून घेतला जायचा. दोन मिनिटांत ढग सुधारायचे आणि चित्र आपलं उरायचं नाही. प्रदर्शनात सगळी चित्रं एकाच हातची. कागद ड्रॉइंगच्या वहीतला, पातळ. पाणी लागलं की पापडासारखा फुगायचा, रंग खळग्यांत साचायचा, आणि दोष थरथरत्या हाताला. चित्रकार आबालाल रहिमान ज्या कोल्हापुरात कोटीतीर्थ तळ्याकाठी निसर्ग रंगवत राहिले, तिथे "या वयात कशाला?" हेही ऐकून घ्यावं लागलं.

तुम्ही मात्र कुणाच्याच चित्राला ब्रश लावला नाहीत. झोळीतून 300 जीएसएमच्या जाड सुती कागदाची पोस्टकार्डाएवढी कातरण काढायची, तिच्यावर तोच वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, करून दाखवायचा, ती चित्राशेजारी ठेवायची आणि पुढच्या माणसाकडे जायचं. बस्स. ती कातरण पाहिली की कळायचं, चुकला तो हात नव्हे, वेळ.

फ्लॉवर म्हणतात त्या डागाचंच घ्या. आकाश अर्धवट वाळलेलं असताना पाण्याने भरलेला ब्रश टेकवला, की जादा पाणी रंगाचे कण बाहेर ढकलतं आणि भाजीतल्या फ्लॉवरसारखा कडेदार डाग उठतो. कागद चकाकतोय तोवर रंग सोडावा. चकाकी गेली, पण उलट्या हाताला गार लागतंय, तर हाताची घडी. गार लागेनासं झालं की पुढचा थर. पावसाळ्यात दमट हवेने हा मधला वेळ लांबतो आणि घाई नेमकी तिथेच नडते.

काळा रंग पॅलेटमधून काढायला लावलात तेव्हा कुरकुर झाली, हेही कबूल. त्याऐवजी निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस बर्न्ट सिएना, दोन्ही हरभऱ्याएवढे. निळा वरचढ ठेवला की भरलेला ढग, तांबूस वरचढ ठेवला की रंकाळ्यातल्या संध्यामठाचा ओला दगड. त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब दगडाहून किंचित उजळ, उजळ आकाशाचं मात्र किंचित गडद. पाण्यावरची चमक म्हणजे तर कोरा सोडलेला कागदच, पांढरा रंग नव्हे.

"महाग कागद जपू नका, लहान करा," म्हणालात. 22 × 30 इंचांच्या शीटचे चार तुकडे, 11 × 15 चे. तेव्हापासून बिघडण्याची भीती गेली.

स्वतःला जमत असताना हात आवरणं सोपं नसतं, सर. सुनेच्या हातातला झारा न घेणारी सासू विरळाच.

तुमच्या कातरणी जपून ठेवल्या आहेत. मागची बाजू कोरी होती, तीही वापरून झाली.

आपली,
रंकाळ्याकाठची सकाळची मंडळी