शिक्का कोणाचा, ते तरी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला युरोपातल्या कत्तलखान्यांवरचा लेख वाचला. छान आहे. लेखकमहाशय तिकडच्या सुपरमार्केटात जाऊन आलेले दिसतात, त्याच्या मागच्या दाराने मात्र नाही. कोंबडीच्या पाकिटावरचा लंबगोल शिक्का पाव पान मोठा करून छापलात आणि खाली ओळ काय, तर ‘सरकारी पशुवैद्यकाची मोहोर’! माझा चहा तिथेच गार झाला.

अहो, गाय, डुक्कर, मेंढी यांच्या धडावर सरकारी पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आरोग्याचा शिक्का बसतो, हे खरे. कोंबडीच्या पाकिटावरची खूण कंपनी स्वतःच छापते. माल कुठल्या देशातल्या, कितव्या क्रमांकाच्या कारखान्यातला, एवढेच त्यावरून कळते.

हे मी ऐकीव सांगत नाही. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही 2007 ते 2010 पूर्व इंग्लंडमध्ये होतो आणि त्यातली दीड वर्षे मी एका कोंबडी कारखान्यात तपासणी सहायक होते. मायक्रोबायोलॉजीच्या पदवीचा तेवढाच उपयोग झाला. समोरून आकड्यांना उलट्या टांगलेल्या कोंबड्या सरकत जायच्या. पोटात पाणी झालेली, काळीनिळी पडलेली, विष्ठेने बरबटलेली दिसली की काढून टाकायची. एकेका कोंबडीला सेकंदही मिळत नसे. माझ्यावर सरकारी पशुवैद्यक होती, एक स्पॅनिश मुलगी. माझा पगार मात्र कंपनीचा. कोंबडी आणि सशांच्या बाबतीत ही मुभा तिथल्या कायद्यातच आहे, 2017 च्या नव्या नियमांतही ती राहिली. सहायकाने उत्पादनापासून स्वतंत्र राहून काम करावे, असेही त्यात लिहिले आहे. लिहायला काय जाते?

नाताळच्या आधीचा आठवडा होता. एक गाडी अशी आली की हात थांबेना. सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला. ‘लव्ह, आज सगळ्याच फेकणार आहेस का?’ (तिकडे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात, त्यात प्रेम नसते.) मी फेकत राहिले. स्पॅनिश मुलीने येऊन टोपली बघितली आणि लाइन हळू करायला लावली. तिला तो अधिकार होता. दुसऱ्या दिवशी माझी बदली पॅकिंगच्या थंड खोलीत. कारण? ‘तिकडे माणसे कमी आहेत.’ डाव्या हाताची दोन बोटे अजून थंडीत बधिर होतात. तिला कोणी पॅकिंगला पाठवू शकले नाही, कारण तिचा पगार त्या सुपरवायझरच्या साहेबाच्या हातात नव्हता. तपासणी स्वतंत्र असणे म्हणजे एवढेच. तुमच्या दोन पानी लेखात त्यावर एक ओळ नाही!

बरे, सरकारी माणूस नेमला की झाले, असेही नाही. तो जागेवर लागतो. 2019 मध्ये पोलंडमधल्या एका कत्तलखान्यात उभ्याही राहू न शकणाऱ्या आजारी गाई रात्री, पशुवैद्यक नसताना कापल्या जात होत्या. ते टीव्हीच्या वार्ताहराने छुप्या कॅमेऱ्याने टिपले, तोवर ते मांस इतर देशांतही पोहोचले होते. आणि 2014 पासून डुकरांची नेहमीची तपासणी नुसत्या नजरेने होते, यावर लेखकाने जो गळा काढला आहे, तो मात्र उगाच. तपासायला एकच सुरी गाठीगाठींतून फिरवली तर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू इकडचा तिकडे जातो. संशय आला तर आजही कापून बघतात.

जाता जाता. मार्चमध्ये माझे पाणीपट्टीवरचे पत्र छापलेत, त्याबद्दल आभार. पण खाली आडनाव भलतेच होते आणि त्या आडनावाचे गृहस्थ आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. तेव्हा या वेळी नाव छापूच नका.

— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)