विषय: ट्रिंकोमाली जहाजाच्या किटमधली कील वाकडी आली आहे, बदलून मिळावी

नमस्कार,

मी राजारामपुरी, कोल्हापूरहून लिहितोय. तुमच्याकडून ट्रिंकोमाली या जुन्या ब्रिटिश युद्धनौकेचं 1:72 स्केलचं लाकडी मॉडेल किट मागवलं, पैसे आधीच भरले, खोका वरून एकदम चांगला होता पण आतली कीलच, म्हणजे जहाजाचा तळाचा कणाच, वाकडी निघाली. काचेवर आडवी ठेवून बघितली तर मागचं टोक चक्क 4 मिलिमीटर वर उचललंय, फोटो जोडलेत.

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणाले गरम पाण्यात भिजवा, वर वजन ठेवा, सरळ होईल. अहो, ते बाहेरच्या पट्ट्यांना चालतं, पातळ पट्टी भिजवून वाफ दिली की वळते. कील प्लायची आहे, त्यात थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, वजनाखाली सरळ वाटेल आणि वाळली की परत पीळ घेईल, त्यात इथं पाऊस लागलाय. आणि सगळे बल्कहेड, म्हणजे जहाजाला आकार देणाऱ्या आडव्या चौकटी, हिच्याच खाचांत बसतात ना, ते काटकोनात बसले नाहीत की एका बाजूला पट्ट्या कमी पडणार, दुसऱ्या बाजूला उरणार, डोलकाठ्या कलणार आणि दोर ताणून बांधले की अजून खेचल्या जाणार. नंतर कितीही पॉलिश पेपर मारा, हे झाकत नाही.

शिवाय प्लॅनची तीन नंबरची शीट खोक्यात नाही, दोरांची सगळी मांडणी तिच्यावरच आहे. आणि दोरा दिलाय तो एकाच फिक्या रंगाचा. डोलकाठ्या धरून ठेवणारे दोर डांबर लावलेले असायचे, म्हणून काळपट, आणि शिडं ओढायचे फिके, एवढा फरक या किंमतीच्या किटमध्ये पाहिजेच.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते सांगतो. तुमच्या माहितीपुस्तिकेत हे जहाज इंग्लंडात ओकच्या लाकडाचं बांधलं असं छापलंय. साफ चूक आहे. नेपोलियनच्या लढायांमुळे तिकडं ओकचा तुटवडा पडला म्हणून हे जहाज मुंबईत वाडियांच्या कारागिरांनी सागवानात बांधलं आणि 1817 च्या ऑक्टोबरमध्ये पाण्यात सोडलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, अजून पाण्यावर तरंगतंय, दोनशे वर्षं होऊन गेली. मी हे किट घेतलं ते आपल्या माणसांच्या हातचं जहाज म्हणून, आणि तुमच्या पुस्तिकेत मुंबईचं नावसुद्धा नाही. ज्या पोरांना हे दाखवणार त्यांनी काय वाचायचं? त्या जहाजाचे पहिले प्लॅन घेऊन येणारं जावा नावाचं जहाज 1812 ला अमेरिकनांबरोबरच्या लढाईत गेलं तेव्हा इंग्लंडाहून दुसरे प्लॅन पाठवले होते, मग तुम्हाला कुरिअरनं एक शीट पाठवणं अवघड नाही.

तर मला नवी कील आणि तिच्याच कटिंगचे बल्कहेड पाहिजेत, कारण जुन्या खाचा नव्या कीलला बसतील याची खात्री नाही. सोबत तीन नंबरची शीट आणि काळपट दोरा. कुरिअरचा खर्च तुमचा. हे जमणार नसेल तर पूर्ण पैसे परत करा, किट मी जसं आलं तसं ठेवलंय, एक पट्टीसुद्धा चिकटवलेली नाही. पुढच्या छपाईत पुस्तिकेतली चूक सुधारणार का तेही कळवा.

फोनवर नको, लेखी उत्तर द्या. पंधरा दिवसांत आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवणार आणि मग इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार.

आपला ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर