बर्फाची आगोट

दुलुथ, मिनेसोटा
12 ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर घराचं सांगायला घेतलं की बाबा विचारतात, "लाकडाच्या घराला वरून आणखी लाकूड कशाला?" आणि गाडी तिथेच अडते. म्हणून लिहूनच कळवते.

आमची भिंत म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर प्लायसारखे तक्ते, त्यावर पाणी अडवणारा कागद आणि सगळ्यांत बाहेर आडव्या पट्ट्या. या पट्ट्यांना साइडिंग म्हणतात. घरात ऊब राहते ती सांगाड्यात भरलेल्या कापसासारख्या थरामुळे, साइडिंगमुळे नव्हे. साइडिंगचं काम आपल्या पश्चिमेच्या भिंतीवरच्या नारळाच्या झापांचं: वारापाऊस स्वतःच्या अंगावर घ्यायचा.

जुन्या पट्ट्या विनाइलच्या होत्या. जानेवारीत पारा उणे 25 च्या खाली असताना मी बर्फ काढत होते. फावड्याचा कोपरा नुसता लागला आणि खालची पट्टी पापडासारखी मोडली. थंडीत ते प्लास्टिक ठिसूळ होतं. उन्हाळ्यात ती बाजू उघडली, तर खिडकीखालच्या तक्त्यात स्क्रूड्रायव्हर पिकल्या फणसात जावा तसा मुठीपर्यंत गेला! आधीच्या मालकाने गळतंय म्हणून दिसेल ती फट सिलिकॉनने बुजवली होती, पाणी बाहेर पडायच्या खालच्या फटीसुद्धा. शिवाय हिवाळ्यात आतलीही वाफ भिंतीत शिरते. आई, तू इथे होतीस तेव्हा कुकर लावला की खिडकीच्या काचेवर ओघळ यायचे, आठवतं? तसंच भिंतीच्या पोटात होतं. मार्चमध्ये दिवसा वितळतं, रात्री गोठतं आणि गोठताना पाणी 9 टक्के फुगतं. तेवढ्याने बारीक भेग मोठी होते.

आता नवीन काय लावायचं? सीडरचं लाकूड दिसतं छान, पण दर काही वर्षांनी रंगरोगण करायला सवड कुणाला आहे! यांचा जीव फायबर सिमेंटवर, म्हणजे तंतू घातलेल्या सिमेंटच्या पट्ट्यांवर होता. तेही चांगलं, जळत नाही, कुजत नाही. पण जड असतं आणि कापलेली कड उघडी राहिली की पाणी पितं. मी इंजिनिअर्ड वुड घेतलं. लाकडाचे लांबट काप डिंकासारख्या रेझिनने दाबून बसवतात, कुजू नये म्हणून झिंक बोरेट घालतात. फावड्याचा मार सोसतं. बाबा, तुम्ही आता म्हणाल, "भुशाचं लाकूड पावसात फुगतं," आणि आपल्या ओट्याखालच्या ट्रॉलीची आठवण द्याल. ती खरंच भुशाची होती, ही तशी नाही. तरी कापलेल्या कडा यालाही रंगवाव्याच लागतात. कामगार घाईत होते, म्हणून मी दोन दिवस रजा टाकून ब्रश घेऊन त्यांच्या मागे फिरले. त्यांना वैताग आला असेल, येऊ दे.

पण खरं भांडण झालं ते फटीवरून. कंत्राटदार पट्ट्या थेट कागदावर ठोकणार होता. मी म्हटलं, मधे पाऊण इंचाच्या उभ्या पट्ट्या मारा, खाली जाळी लावा, वर हवा निघायला जागा ठेवा. तो म्हणाला, खर्च वाढेल. वाढलाच. पण बाबा, गुहागरला पावसाआधी आगोटीच्या कामात तुम्ही शिडीवरून मला ओरडायचात, "झाप भिंतीला टेकवू नको, मधून वारा फिरला पाहिजे!" ते डोक्यात पक्कं बसलंय. जमिनीपासून 6 इंच जागाही मोकळी सोडली आहे. बर्फ तिथवर चढणारच, म्हणून वादळ झालं की आधी भिंतीलगतचा ढीग ओढायचा हे काम यांच्याकडे दिलंय.

रंग राखाडी आहे. आईला आवडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. दार मात्र पिवळं लावलंय.

बाबा, गुडघ्याचं तेल पोचलं का ते कळवा. आणि पुढच्या आगोटीला शिडीवर तुम्ही चढू नका, गडी बोलवा.

तुमची,
सुमी