आधी पोहणं, मग वल्हं

इंदूर

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

बरोबरच्या मुली बड्या तलावात नावा घेऊन जातात आणि तुला सर अजून पोहायलाच लावतात, म्हणून तू हिरमुसली आहेस. मला मात्र तुझ्या सरांबद्दल फार आदर वाटला.

शाळांमध्ये वल्हवण्याच्या शर्यतींचा हा खेळ (रोइंग) मास्तरांनी नाही, मुलांनी आणला. इंग्लंडमधल्या ईटन शाळेच्या दाराशीच थेम्स वाहते. मुलं तिथे सर्रास वल्हवायची, पण नियमाने नदीवर जायला बंदी. सगळ्यांना ठाऊक, आणि सगळ्यांचा कानाडोळा. बंदी असल्यामुळे काठावर लक्ष ठेवायलाही कुणी नाही. १८४०मध्ये एक मुलगा बुडाला, तेव्हा कुठे शाळेने नियम केला: पोहण्याची परीक्षा दिल्याशिवाय नावेत बसायचं नाही. एका आईबापांचं पोर गेल्यावर ही अक्कल आली, याचं मला आजही वाईट वाटतं.

ऑक्सफर्ड-केंब्रिजची शर्यतही शाळकरी मैत्रीतूनच निघाली. इंग्लंडमधल्याच हॅरो शाळेत एकत्र शिकलेले वर्ड्सवर्थ आणि मेरिवेल दोन विद्यापीठांत गेले, एकाने आव्हान दिलं आणि १८२९ साली थेम्सकाठच्या हेन्लीला नावा सुटल्या. ऑक्सफर्ड जिंकलं. १८७३च्या शर्यतीत दोन्ही नावांना सरकत्या, म्हणजे पुढेमागे घसरणाऱ्या, बैठका होत्या. तेव्हापासून खरा जोर पायांचा. वल्हवायच्या सरावाच्या मशीनवर सर तुझ्याकडून घोकून घेतात ना, आधी पाय, मग पाठ, शेवटी हात, आणि परत येताना उलटं? ते त्या बैठकीमुळे. पाय पुरते सरळ व्हायच्या आत कोपर वाकलं की जोर वाया गेलाच म्हणून समज.

मुलींना ऑलिंपिकमध्ये हा खेळ खेळायला १९७६ उजाडावं लागलं. आपला दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातला, दुष्काळी गावचा. लष्करात गेल्यावर त्याने वल्हं हातात धरलं आणि २०१६ला रिओत तेरावा आला. तेव्हा उशीर झाला, उशीर झाला, असं मनात आणू नकोस.

रविवारी आलीस की नेहरू पार्कच्या तरणतलावावर जाऊ. टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घालूनच पोहायचं, भिजलेले कपडे किती ओढतात ते कळेल. तळहाताचे फोड फोडू नकोस. आईने मेथीचे लाडू केलेत, मैत्रिणींसाठीही घेऊन जा.

तुझा,
बाबा