भराव नुसता टाकलाय की दाबलाय?

संपादक महोदय,

भरावाच्या जागेवर बांधकाम करणारे सिमेंट-सळईची कसून चौकशी करतात, खालच्या मातीबद्दल मात्र चकार शब्द काढत नाहीत. खड्ड्यात डंपर रिकामे केले, वरून जेसीबी फिरवला, की झाले लेव्हलिंग! असा भराव वरून टणक दिसतो, आत भुसभुशीतच असतो. पाणी मुरले की बसतो, तोही एकसारखा नाही. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते आणि खापर फुटते गवंड्याच्या डोक्यावर.

आधी गवत, मुळे, मऊ थर आणि राडारोडा उपसायला हवा. मग २० ते ३० सेंटिमीटरचे थर टाकून प्रत्येकावर रोलर फिरवायचा. ओलावा नेमका हवा. कोरडी माती दबत नाही, चिखल रोलरखाली नुसता हलतो. प्रॉक्टर चाचणीत तीच माती प्रयोगशाळेत ठोकून तिची कमाल घनता काढतात; त्या घनतेच्या साधारण ९५ टक्के घनता जागेवर मिळाली का, हे थरागणिक मोजता येते. ही चाचणी १९३३ सालची आहे, काही नवलाईची नव्हे! उतारावर तर मूळ जमिनीत पायऱ्या खोदूनच भराव टाकावा, नाहीतर तो घसरतो.

घनतेचा अहवाल हातात पडल्याशिवाय पायाची आखणी करू देऊ नये.

– एक वाचक